सूर, एकशे वीस किलोमीटर

मस्कत सोडून तास झाला नाही
तोच अण्णांना उतरायचं होतं.
मला नाही सांगितलं. श्रीरंगला सांगितलं,
आणि श्रीरंगनं मला,
गाडी मी चालवत होते तरी.
आमच्या घरात निरोप असेच जातात,
हात बदलत, वाटेत थोडे कोमट होत.

कुरियातच्या पंपावर थांबलो.
माई म्हणाल्या, मी बसते, गुडघे आत्ता कुठे जमलेत.
मुठीत आवळासुपारी, मांडीवर स्टीलचा डबा,
डब्यात दशम्या,
वाटेत काय मिळेल सांगता येत नाही म्हणून.
वाटेत सगळंच मिळत होतं.
निहारनं दुकानावरची पाटी मोठ्यानं वाचून दाखवली,
पराठ्यापासून पिझ्झ्यापर्यंत;
चौदा वर्षांचा आहे, खरं बोलायची हौस फार.
माईंनी झाकण लावलं.
तो आवाज अख्ख्या गाडीला ऐकू गेला.

अण्णा येईनात.
दहा मिनिटं. वीस.
सापडले ते करकच्या दुकानामागे, प्लास्टिकच्या खुर्चीत,
शेजारी त्यांच्याच वयाचे एक ओमानी गृहस्थ,
टोपीवर बारीक जांभळं भरतकाम.
दोघं आपापल्या हिंदीत
साखर, पथ्य, आणि रात्री किती वेळा उठावं लागतं
यावर बोलत होते.
"यांना सगळं कळतं," अण्णा आम्हाला म्हणाले,
आणि त्या 'यांना'वर जरा जोर दिला.
त्यांनी ओवीच्या ओंजळीत खजूर ओतला.
परत काय द्यायचं?
अण्णांनी डबा मागवला.
माई काही बोलल्या नाहीत,
नुसतं निहारकडे बघितलं,
कुरियात ते फिन्सपर्यंत.

डावीकडे समुद्र, उजवीकडे डोंगर, भाजलेल्या विटेसारखा.
"एवढं पाणी, आणि हिरवं पान नाही," माई म्हणाल्या,
"आमच्या देवरुखला..."
आणि ते वाक्य तिथंच उतरलं.
पाटी आली.
"सूर लागायला अजून एकशे वीस," अण्णा म्हणाले.
कोणी हसलं नाही.
पुढच्या वळणावर माई हसल्या, उशिरा,
अठ्ठेचाळीस वर्षांची सवय.
मग ओवीला उलटी झाली, माईंच्या शालीवर.
मग एसी, आमच्या घराचा सीमाप्रश्न:
अण्णांना थंडी, निहारला उकाडा,
श्रीरंग आयोग नेमल्यासारखा मध्ये,
निर्णय कुठलाच नाही.

रात्री रास अल जिन्झला
वाटाड्यानं सांगितलं, दिवा नको, शब्द नको.
आम्ही सहाही जण एकाच वेळी गप्प,
असं लग्नातसुद्धा झालं नव्हतं.
कासवीण वाळू मागे फेकत होती,
अण्णांच्या पँटवर, कुणाचीही भीड न ठेवता.
तिची अंडी घालून झाली.
खड्डा बुजवला, पाठ फिरवली,
पाण्याकडे निघाली, दर चार पावलांना थांबत.
माई खाली वाळूत बसल्या होत्या.
जमिनीवर बसलेल्या मी त्यांना
दहा वर्षांत पाहिलं नव्हतं.
"बरंय बाई हिचं," त्या पुटपुटल्या.
"झाकलं आणि निघाली.
व्हिसा नको, डबा नको,
लेकाच्या घरी जाऊन
गरम पाण्याचा नळ कुठल्या बाजूला फिरतो
ते विचारायला नको."

श्रीरंग पलीकडेच होता.
त्या माझ्याशी बोलल्या.

मला उत्तर सुचलं नाही. हात दिला.
माझ्या अंदाजापेक्षा जड होत्या,
दोघी मिळून पडता पडता राहिलो,
आणि असं हसू फुटलं
की वाटाड्या अंधारातून दोनदा श्श म्हणाला.

सकाळी परतताना एसीवरून पुन्हा जुंपली.
निहार बावीस, अण्णा सव्वीस.
श्रीरंग आता मागे होता, पुढे माई.
मी चारही काचा खाली केल्या.
गरम, खारट वारा सगळ्यांना एकदमच लागला,
ओवी किंचाळली, अण्णांनी टोपी धरली,
पट्ट्यातून सुटलेला माईंचा पदर
माझ्या तोंडावर आला,
आणि क्षणभर
मला रस्ताच दिसला नाही.